आठ बोटं

आली ती फोटोकॉपी होती,
कडा काळ्या, करपलेल्या पावासारख्या.
"मूळ कागद आगीत गेले," फोनवरचा कारकून म्हणाला,
"तुमचं नशीब, एवढं तरी उरलं."

त्या उरलेल्यात माझे वडील असे:
नाव, उर्हो हाकाल.
(शेवटचा काना कुठे गळला कोण जाणे.)
डोळे, तपकिरी. निळे होते,
पण ते आता मिटलेत, राहू दे.
जखमा, नाहीत.
भरतीपूर्वीचा व्यवसाय, वादक.

मी एकतीस वर्षं टपालखात्यात काढली,
हॅनकॉकच्या ऑफिसात, मागच्या खोलीत,
चुकलेल्या पत्त्यांच्या पेटीपाशी.
लोक कसे लिहितात मला माहीत आहे:
घाईत, थंडीत, हातमोजा न काढता.
म्हणून त्या टंकलेखकावर मी चिडले नाही.
त्याच्यापुढे ओल्या बुटांतल्या पोरांची रांग असेल
आणि आमची फिनिश नावं म्हणजे तोंडात खडे.

पण "जखमा, नाहीत"
इथे मी पेन्सिल खाली ठेवली.

शनिवारी सौनात आम्ही तिघं भावंडं खालच्या फळीवर,
बाबा वरच्या. त्यांचे पाय आमच्या नाकासमोर.
आयली मोजायला शिकली ती तिथेच.
उजवीकडे पाच. डावीकडे तीन.
शाळेत बाईंनी विचारलं, माणसाच्या पायांना बोटं किती?
हिनं आठ सांगितली, आणि भांडून घरी आली.
बाबा खूप हसले त्या दिवशी.
कोरियाचं नाव काढलं नाही.
तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं,
मग कुणालाच काही दिसेना.

दुरुस्ती मंडळाला पुरावा हवा होता.
वाफ पुरावा नाही. आयलीचं गणित पुरावा नाही.
बर्टोग्लिओ बूटवाल्याच्या नातवानं तळघरातून वही काढून दिली,
दर ऑक्टोबरला तीच ओळ:
"हाकाला. डावा. टोकात लोकर. पंच्याहत्तर सेंट."
आणि आर्कान्सातून डेल्बर्ट प्रुइटचं पत्र आलं,
वय नव्वद, अक्षर नातीचं:

"त्याचा बूट कापून काढला तो मी. चाकू माझा होता.
ओरडला नाही. सारखी माफी मागत होता,
बूट सरकारी आहे म्हणून.
बाकी, घरी तो अकॉर्डियन वाजवायचा ना?
रात्री खंदकात आम्हाला सांगायचा, कुठली धून, कुठलं लग्न.
आम्हाला ऐकायला कधी मिळालं नाही.
तुम्ही भाग्यवान."

आमच्या घरात अकॉर्डियन नव्हता.
माळ्यावर खाणीतला दिवा निघाला, गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीची गळ,
एका लोखंडी पेटीला कुलूप, फोडलं, तर आत खिळे.

चौदा महिन्यांनी जाड पाकीट आलं.
काना परत मिळाला.
दोन बोटं हिमदंशानं गेली, तारखेसह मान्य.
पाकिटावर: श्री. उर्हो हाकाला.
नाव अचूक, पत्ता अचूक,
माणूस चार वर्षांपूर्वी गेलेला.
अशा पाकिटावर कुठला शिक्का मारतात मला ठाऊक आहे,
जांभळा, परतीकडे बोट दाखवणारा.
हात सवयीनं टेबलावर शोधूही लागला.

आयली म्हणाली, तो वादक तेवढा राहिला की गं.
मी म्हटलं, राहिला.
म्हणाली, धडधडीत खोटं आहे ते.
मग जरा वेळानं, कॉफी ओतता ओतता:
जेवण झालं की टेबलाच्या कडेवर बोटं नाचवायचे बघ,
आई ओरडायची, बास, कप सांडेल.

फॉर्म आहे, रकाना आहे, टपालहशील आहे.
पण तळाशी शपथ असते,
"माझ्या माहितीप्रमाणे वरील नोंद चुकीची आहे",
आणि खाली सही.

तेवढी माहिती मला नाही.