नळीला वळण

भोपीला म्हटलं, भोक सरळ पाडू नकोस, वळण दे.
ड्रिल थांबवून तो हसला.
"बाई, एसीचा पाइप हाय. यातनं काय यायचंय?"

नेरुळ, तिसरा मजला. सिडकोची भिंत,
नऊ इंच वीट आणि वर सुटलेला पोपडा.
कारखानीसांचा खोकला तिच्यातून येतो
साधारण निम्मा होऊन.

एकतीस वर्षं मी खाडीपलीकडे भिंतीच मोजल्या.
सहा सेंटिमीटर काँक्रीट, निम्मं.
आणखी सहा, निम्म्याचं निम्मं.
असं उतरत उतरत
बाहेर उभ्या माणसाच्या वाट्याला किती, ते कागदावर.
शून्य कधीच लिहायचं नाही.
"शून्य आलं म्हणजे तू मोजलेलं नाहीस,"
तुंगारे मॅडम म्हणायच्या, पेन्सिलीचं टोक चावत.

पहिलाच कागद त्यांनी परत केला होता.
सरळ येणारे तेवढे मी धरले होते.
आत धडकून, दिशा हरवून,
अर्ध्या बळानं का होईना पलीकडे निघणारे
माझ्या हिशेबात नव्हतेच.
"अडले म्हणजे मेले नाहीत, पोरी. गुणाकार कर."
उत्तर सतरा पट झालं.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पण ती चूक कागदावरची.
दुसरी सव्वा मीटर भिंतीतली.
सगळीकडे काटा झोपलेला,
आणि उजव्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीला,
ताडकन उठला.
अंगठ्याएवढी नळी. तारा न्यायला कुणीतरी टाकलेली,
नकाशात नसलेली,
सरळ.
माझं सगळं गणित बाजूला उभं,
आणि ती त्याला न विचारता आरपार.

तिच्यासमोर स्टूल होतं.
त्यावर बसून हसुराम घरत रोज डबा खायचा,
सुकट आणि भाकरी.
गार लागतं म्हणायचा तिथं.

त्याचा बॅज तपासून आला. मर्यादेत.
मर्यादेत हा शब्द मी तेव्हा
तीनदा वाचला.
नळीत शिसं भरलं, नवी टाकली दोन वळणांची,
स्टूल मी स्वतः उचलून नेलं.

भोपीनं शेवटी सरळच पाडलं.
विटांची लाल धूळ, मग डक्टमधला उजेड
फरशीवर रुपयाएवढा.
आणि कारखानीसांचा खोकला, आता अख्खा.

मी तळवा भोकासमोर धरते.
वीतभर मागे घेते. आणखी वीतभर.
दुप्पट लांब गेलं की पाव उरतं.

"वारा बघताय का, बाई?"

हो, म्हटलं.