खाट नंबर आठ

कोंडाईबारीच्या घाटात केळीचा ट्रक उलटला
तेव्हा रुबाब तडवी आमच्या वॉर्डात आला, नवापूरला.
मांडी प्लास्टरमध्ये, पायाला वजन टांगलेलं,
आणि शुद्धीवर येताच पहिला प्रश्न :
"भाऊ, सुरत कोनती बाजूले शे?"
मला वाटलं, माल पोचायची काळजी.
त्याला मावळत हवी होती.

चाकांचे ब्रेक सोडून खाट फिरवली मी
सलाईनचा स्टँड सांभाळत.
सिस्टर प्रफुल्लता रागावली, पण जराच.
पाणी लावायचं नाही, डॉक्टरांनी बजावलेलं,
म्हणून त्यानं कोरी माती मागितली.
रंगावलीच्या काठची ओंजळभर आणली
कापसाच्या रिकाम्या डब्यातून.
तळवे टेकवले, झटकले,
तोंडावरून फिरवले, मग हातांवरून.

समोर, खिडकीखाली, खाट नंबर आठ :
शिमोन गावित.
गळ्याची गाठ काढलेली, पंधरा दिवस बोलणं बंद.
त्याच बुधवारी फादर आले स्कूटरवरून,
डबीतली राख त्याच्या कपाळाला लावली, म्हणाले,
माणसा, तू माती आहेस, मातीलाच मिळशील.
शिमोननं मान हलवली
मुकादमाला हो म्हणावं तशी.
रुबाब बघत होता,
त्याच्या भुवईत अजून नदीची धूळ.

त्या दिवशी दोन्ही ताटं परत गेली.
"देवाला घाई नाही, तुमच्या हाडांना आहे,"
सिस्टर म्हणाली.
यावलच्या मौलानांनी फोनवर दटावलं
तेव्हा कुठे रुबाबनं भाकरी मोडली.
शिमोननं पेज घेतली. चहा मात्र ईस्टरपर्यंत नाहीच.

अडचण झाली ती खाट फिरवल्यामुळे.
रुबाब पडल्या पडल्याच नमाज पढायचा,
रुकूला मान थोडी, सजद्याला थोडी जास्त,
आणि मावळतीला बरोब्बर शिमोन
लुंगी सावरत बसलेला.
पाच वेळा एक माणूस आपल्याकडे मान झुकवतो
म्हटल्यावर कुणीही बावरेल.
तो उठला, उशाकडच्या कोपऱ्यात सरकला,
गुडघे पोटाशी घेऊन,
मधली वाट मोकळी केली खिडकीपर्यंत.
मग रोजच. पहाटेसुद्धा,
झोपेतून उठून.

"ऱ्हाऊ दे रे, सरकू नको. तू काय आड येस नही,"
रुबाब एका रात्री म्हणाला.
शिमोननं चादरीतून मुठीतली माळ काढून दाखवली.
"तू बी मोजस?"
रुबाबनं बोटांची पेरं दाखवली.
मी फिनेलची बादली घेऊन मध्येच उभा.
मी कानबाईच्या घरचा, मला यातलं काय,
पण कुणी मोजत असलं की फरशी पुसवत नाही.

शिमोनचे नुसते ओठ हलायचे.
शेवटचा शब्द आमेन की आमीन,
'म'वर मात्रा की वेलांटी,
आवाजच नव्हता, मला कसं कळावं?

सगळंच काही जुळलं नाही.
पोराच्या पाटीवर शिमोननं लिहिलं : हे आमच्या बापा.
रुबाबनं वाचलं, पाटी परत दिली.
"बाप नही म्हनतस आम्ही त्याले."
दोघंही मग भिंतीकडे तोंड करून.
सुरतेची गाडी गेली, खिडकीची काच हलली.
अंधार पडायला लागला तसा
रुबाबनं मातीच्या डब्याकडे हात नेला
आणि शिमोन, न बघता,
कोपऱ्यात सरकला.

दोघं गेले त्याला महिना झाला.
परवा चादर बदलताना दिसलं,
आठ नंबरच्या गादीला मध्ये खड्डा नाहीच,
सगळ्यांच्या गाद्यांना असतो तसा.
आहे तो कोपऱ्यात, उशाकडे,
एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन मावेल एवढा.
सिस्टर म्हणाली, गादी उलटी कर.
करतो म्हटलं. उद्या.