मीठ राहून गेलं

राईच्या काळ्या पावाची कृती लिहिली
तेव्हा सगळं सांगितलं होतं मी:
उर्वेनं दिलेलं आंबट विरजण
(ते तिच्या सासूचं, सासूला कुणी दिलं
उर्वेला ठाऊक नाही),
चिमूटभर शहाजिरं, सोळा तासांची वाट,
पिठाला ऊब राहावी म्हणून भांड्यावर चढवायची
जुनी लोकरी टोपी.
मीठ तेवढं राहून गेलं.

एकोणीस पत्रं आली.
तार्तूचा आमचा पोस्टमन म्हणाला,
माझ्या लग्नाला एवढी आली नव्हती.
एकानं विचारलं, बाई, तुमच्याकडे मीठ महाग झालंय का?
हाप्सालूच्या एका निवृत्त खलाशानं
पाकिटातून चमचाभर मीठच पाठवलं, पुडी बांधून,
वर लिहिलं: घ्या, सुरुवात करा.
आणि एकीनं कळवलं,
तसाच अळणी भाजला.
नवऱ्याला रक्तदाब आहे, त्याला आवडला.
कृपया दुरुस्त करू नका.

दूधसंघाच्या टाक्यांचं तापमान बघणारा
एक लहानसा प्रोग्रॅम आहे माझा.
त्याबद्दलही लिहिलं होतं, जरा कॉलर ताठ करूनच.
कुमासीहून क्वाडवो नावाच्या विद्यार्थ्याचं उत्तर आलं,
अगदी अदबीनं, उंबऱ्याबाहेर चपला काढून आत यावं तसं:
मॅडम, तुम्ही शून्यापासून मोजता
आणि दहाच्या अलीकडे थांबता.
टाक्या अकरा आहेत.

खरंच की.
तीन वर्षं अकराव्या टाकीतलं दूध
कुणाचंही लक्ष नसताना
आपापलं थंड राहिलं होतं.
दहा खोडून अकरा केलं, एका आकड्याचं काम.
झोप मात्र लागली नाही.
उठून शहरातल्या सगळ्या टाक्या मनात मोजत बसले,
पुन्हा शून्यापासून.

मग हे पत्र.
निळी शाई, सारेमा बेटावरचा शिक्का, सही माइमूची.
दोन शरदांपूर्वी त्या बेटावर गेले होते,
धक्क्यावर मासे साफ करणाऱ्या एका म्हाताऱ्यावर
चार ओळी लिहिल्या होत्या. चारच.
निळी टोपी, डाव्या अंगठ्याला नख नाही,
एकेक मासा टोपलीत असा ठेवायचा
की झोपलेल्याची कूस बदलतोय.
आणि शीळ घालत होता.

‘तो माझा बाप,’ माइमू लिहिते.
‘मार्चमध्ये गेला.
नखाचं तुम्ही बरोबर लिहिलंत.
टोपी हिरवी होती, पण विटून तशी दिसायची, असू दे.
शीळ तो कधीच घालत नसे.
वरची कवळी ढिली होती, श्वास तिथून निसटायचा.
आम्ही त्यावरून त्याला टोकायचो,
पाहुण्यांसमोर तर फारच.
तुम्हाला ती शीळ वाटली.
कुठली धून होती, आठवतं का?’

इतकी पत्रं आली, दुरुस्त्या आल्या,
नार्वाची बस सहा चाळीसला नाही, सहा दहाला सुटते
हेसुद्धा त्याच दिवशी बदललं होतं मी.
इथं काय बदलू?
शीळ खोडली तर माणूस गप्प होतो,
ठेवली तर तो माणूस नव्हेच.

कागद घेतला. लिहिलं: प्रिय माइमू,
धून आठवत नाही.
हे खरं होतं.
पुढं लिहिलं: पण धून होती.
तेही मला खरंच वाटतं,
सुरुवात हळू, मग एक उंच सूर,
मग मासा पालटताना खंड.
यातलं किती दातांचं, किती त्याचं,
हे मी कुठून मोजू.

पत्र खिडकीत आहे, खलाशाच्या पुडीखाली,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
पाकीट अजून बंद केलेलं नाही.
काल उर्वे पाव खाऊन गेली.
दारात थांबून म्हणाली,
आज मीठ दोनदा पडलंय गं.