टिंब

हापुतालेच्या अलीकडे एक स्टेशन आहे,
तिथे धुकं गाडीच्या आधी येतं.
तिथल्या फलाटावर सेल्लमुत्तूनं तीन दिवस खपून
एक पाटी रंगवली, पिवळ्यावर काळी:
हिंदुस्थानातल्या एका गावाचं नाव.
गाव नकाशात नव्हतं,
लंडनहून आलेल्या पटकथेत होतं. रतनगंज.

सिंहली अक्षरं त्याच्या हातातली, अंड्यांसारखी गोल.
तमिळ तर घरचीच.
ही मात्र दोरीवर वाळत घातलेली.
म्हणून त्यानं आधी दोरीच बांधली:
दोन खिळे, खडू चोळलेली सुतळी, एक टिचकी.
मग एकेक कपडा.

नमुन्याच्या कागदावर
ग-च्या डोक्यावर एक टिंब होतं.
त्याच कागदावर आणखी सात टिंबं होती,
कलाविभागातल्या बाईंच्या चहाची.
त्यानं आठही सोडून दिली.

रतनगज.
यॉर्कशरचा दिग्दर्शक पाटीखाली उभा राहिला,
टोरांटोचा नायक पाटीखाली रडला,
पोलंडच्या कॅमेऱ्यानं सावकाश पाहून घेतलं.
कुणाला काही खटकलं नाही.
गज म्हणजे हत्ती, गज म्हणजे खिडकीची सळई,
हे सांगायला तिथे होतं कोण?

पुढे सिनेमाला मोठं बक्षीस लागलं.
दिल्लीतले म्हणाले, आपला.
लंडनमधले म्हणाले, पैसे कुणाचे? आपला.
कोलंबोचे मंत्री म्हणाले, डोंगर पाहा, आपलेच.
तीन दिवस पेढे वाटणं चाललं.
चौथ्या दिवशी कानपूरच्या एका निवृत्त मास्तरांना
ते टिंब दिसलं नाही,
आणि रातोरात
आपला सिनेमा त्यांचा झाला.
ह्यांना आमचं एक अक्षर धड येत नाही,
हे आम्हाला काय दाखवणार!
पेढे तेच, तोंडं तीच, फक्त चव फिरली.

सेल्लमुत्तूच्या जन्मदाखल्यावर
वंशाच्या रकान्यात लिहिलंय: भारतीय तमिळ.
आजोबा बोटीनं आले, चहा खुडायला.
त्यांना मरेपर्यंत
कुठल्याच देशानं आपला म्हटलं नाही.
हा भारतात कधी गेला नाही.
त्याचा भारत साडेआठ फूट बाय तीन,
ऑइलपेंटचे दोन हात.

कोकिळवाणीनं मोबाइलवर शेवटची नावं पाहिली.
नऊ मिनिटं नावं वर चढत होती.
कुत्रा सांभाळणारा होता, कुत्राही होता.
विम्याचे वकील होते, सँडविचवाले होते.
पाटीवाला नव्हता.
अगदी तळाशी, बेटावरच्या जनतेचे आभार.
"त्यात तुम्ही आलात, अप्पा."
"पाटी?"
"चार सेकंद."
"रेघ?"
तिनं मागे जाऊन चित्र थांबवलं,
काचेवर बसच्या तिकिटाची कड लावली.
"सरळ आहे."
त्यानं मान हलवली आणि उरलेला भात संपवला.

मग हात धुताना ती म्हणाली,
एक टिंब राहिलं म्हणे. वरती कुठेतरी.
तिकडे फार ओरडा झालाय.

पाटी आता खुराड्याचं दार आहे.
शूटिंग संपल्यावर प्लायवूड कुणालाच नको होतं.
तो ब्रश घेऊन दारासमोर उकिडवा बसला.
कोंबड्या जमल्या, आत जायची वेळ झालेली.
वरती म्हणजे कुणाच्या वरती?
तिला माहीत नव्हतं. त्याला कसं असणार.
बराच वेळ तो दोरीकडे बघत राहिला,
कुठे रिकामं वाटतं ते.

मग अगदी जपून
त-च्या डोक्यावर त्यानं टिंब दिलं.
रतंनगज.
दोन पावलं मागे सरून म्हणाला,
आता कसं.

आणि दार उचललं.