गिरमिट

डॉक्टर मुकादमबाईंनी कागदावर माझं कंबरेचं हाड काढलं.
मला वाटलं, होडीची नाळ काढतायत,
तसाच बाक, तसंच मागे फुगत गेलेलं.
"इथून घेऊ," म्हणाल्या, आणि पेन टेकवलं
करगोट्याच्या जरा खाली,
जिथे मी चाळीस वर्षं पटाशी खोचतो.

मानेतली गाठ काढून तपासली, तेव्हाच नाव कळलं होतं.
सुगंधा त्याला लिंबोमा म्हणते.
दारात लिंबू बांधून झालं.
मग आणखी एक भोक कशाला?
विचारलं नाही मी. बाईच म्हणाल्या,
"मेस्त्री, वरून बरी दिसते म्हणून फळी सोडता का तुम्ही?"

नाही सोडत.
इस्माईल सोलकरची नौका वर ओढली होती, जैतापूरच्या खाडीत,
मुशीचं तेल पिऊन चकचकीत.
बोटाच्या पेराने ठोकत गेलो.
पाण्याखालच्या तिसऱ्या फळीने आवाज गिळला.
गिरमिट लावलं. भुसा आधी कोरडा, पिवळा,
मग ओला,
मग काळा.
"नको दाखवू," इस्माईल म्हणाला.
मी तळहातावर धरून दाखवला.

रत्नागिरी, मंगळवार. बाई कोल्हापूरहून येतात, एका आड एका मंगळवारी.
कुशीवर निजलो, गुडघे पोटाशी, तोंड भिंतीकडे.
भिंतीला ओल, मुसाकाझीच्या बंदरासारखी आत वळलेली.
कातडी बधिर केली. हाडाची सालही.
"आतलं बधिर होत नाही," सिस्टर डिमेलो म्हणाली,
"ओढताना दुखेल. श्वास धरू नका."
मी धरला.

आधी पातळ ओढतात.
रक्तच, पण त्यात कण, बांगड्याच्या गाभोळीसारखे,
तिने ते काचेवर पसरले, घाईघाईने, सुकायच्या आत.
ओढलं तेव्हा टाचेपर्यंत दोर ताणला.
कुणी नांगर उचलत होतं
आणि नांगर मीच होतो, चिखलात रुतलेला.

मग दुसरी सुई. जाड, पोकळ.
ती ओढत नाही, फिरते.
ही मात्र ओळखीची.
मनगट कधी उलटं घ्यायचं, कुठे दाबायचं,
बाईंचा हात चुकला नाही.
कारागीर म्हणून सांगतो.

"दाखवा," म्हटलं.
माडाच्या हिराएवढी जाड, नखापेक्षा थोडी लांब कांडी.
बाटलीत टाकली तशी बुडाली.
पातळाचं चार दिवसांत कळतं, कांडीला पंधरा लागतात:
हाड आधी मऊ करतात, मग त्याच्या चकत्या.

त्या पंधरा दिवसांत शैलाने पुण्याहून
रोज नवीन काहीतरी वाचून फोन केला.
हाडात सापडलं तर चौथी स्टेज, बाबा.
चौथी म्हटल्यावर सुगंधाने कढईतला मासा करपवला.
बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या,
"स्टेज म्हणजे कुठवर पोचलंय. किती दिवस उरलेत, ते नव्हे."
हे मी केमिस्टच्या बिलामागे लिहून घेतलं.
बिल अजून खिशात आहे, धुतलं गेलं एकदा.

रिपोर्ट आला: तपासलेल्या तुकड्यात आजार आढळला नाही.
सुगंधाने 'नाही' एवढंच ऐकलं आणि देवळात गेली.
मी 'तुकड्यात' वाचत बसलो.
एका भोकाने सगळी होडी कळत नाही,
मी स्वतः किती जणांना हेच सांगितलंय,
आणि त्यांनी तोंड फिरवलंय.
इस्माईल फोनवर म्हणाला, "काळा नाही ना आला? मग?"
मग गुरुवारपासून औषध, सहा वेळा. ते ठरलेलंच होतं.

फळीच्या भोकात मी खुंटी ठोकतो,
वरून राळ आणि कापूस.
माझ्या भोकावर नुसती पट्टी.
बाई म्हणतात, हाड आतून आपोआप भरतं.
लाकूड असं करत नाही. म्हणून मला खरं वाटत नाही,
आणि बोट तिथे जातं, दिवसातून दहादा.
तोवर पटाशी डाव्या बाजूला खोचतो.
सवय नाही. दोनदा पडली.