जवारी

तांब्याची तार काढायला आलेला पोरगा
कवठेपिरानचा, सन्मती चौगुले.
शिडी टेकवण्याआधी म्हणाला, बूट काढू का?
दारापासून न्हाणीपर्यंत भोपळे वाळत पडलेले,
त्यातून वाट काढत,
पाटावरच्या उंटाच्या हाडाकडं न बघता
तो आत आला. म्हणाला,
काका, नंबर तोच राहणार.

अब्बा कानस चालवत होते. मान वर न करता म्हणाले,
नंबराचं मी कुठं विचारलं?

आमच्या घरी रिसीव्हर
बोलण्यापेक्षा ऐकायलाच जास्त उचलला जायचा.
रोज सकाळी, चहाच्या आधी,
अब्बा तो कानाला लावायचे, कुणालाही फोन न लावता.
पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध
तो एक लांब सूर,
मी बालवाडीत होते तेव्हापासून तसाच.
पेटी हवेनं हलते,
बुवांचा गळा दुपारनंतर उतरतो,
एक्स्चेंज उतरत नाही, म्हणायचे.
मिरजेत सरकारचं एवढं एकच सुरात आहे.

खांबावरच्या डब्यात पाणी शिरलं
की त्या सुराखाली खरखर यायची,
मागून कुणा फुटाणेवाल्याचा हिशोब ऐकू यायचा
पुसट, दुसऱ्याच घरातला.
मी तक्रार नोंदवायला निघाले की म्हणायचे, राहू दे गं,
जरा जवारी आलीय.

सन्मतीनं पिशवीतून नवी तार काढली,
केसाएवढी, काचेची.
अब्बांनी ती चिमटीत ताणून धरली
आणि सवयीनं बोटाच्या नखानं छेडली.
काही वाजलं नाही.
काका, हात नका लावू, मोडेल.
पन्नास वर्षं तारा ओढलेल्या माणसाला
कुणीतरी पहिल्यांदाच असं म्हणालं.

पांढरा डबा. चार हिरवे दिवे.
अब्बांनी कानाला लावलं, डोळे मिटले,
मग रिसीव्हर माझ्या हातात दिला.
पट्टी बरोबर आहे, म्हणाले.
एवढंच म्हणाले.

सोमवारी लाईट गेली, फोनही गेला.
त्याचं काही नाही, दोन्ही आले परत.

खरी पंचाईत गुरुवारी.
गुरुवारी हुबळीहून हमीदा फुफूचा फोन असतो.
बहीणभाऊ बोलतात कमी. पाऊस, गुडघा,
कुणाच्या घरी काय झालं, की संपलं.
मग दोघं नुसते बसून राहायचे,
मधे तार सूंऽ करत राहायची,
पलीकडं माणूस आहे एवढं कळायचं.
आता मधे काहीच नव्हतं.
हॅलो? दस्तगीर? आहेस का रे?
आहे की.
मग बोलत का नाहीस?
काय बोलू?
तीन वेळा तिनं ठेवला, तीन वेळा पुन्हा लावला,
चौथ्यांदा रडायलाच लागली.
फुफाजींच्या वेळीही फोन असाच एकदम गप्प झाला होता.

मी सन्मतीला विचारलं.
तो म्हणाला, ताई, लाईन एकदम क्लीन आहे.
कुणी बोलत नसलं
तर ती रिकामं काही पाठवतच नाही.

हे मी अब्बांना सांगितलं.
रिकामं? म्हणाले,
आणि बराच वेळ घोडी उलटीसुलटी करून बघत बसले.

पुढच्या गुरुवारी
त्यांनी रिसीव्हर मान आणि खांद्यामध्ये दाबला.
पाऊस झाला. गुडघा झाला.
मग गप्प झाले आणि कानस हातात घेतली.
खर्रऽ खर्रऽ
हाडावर, सावकाश, तिला ऐकू जाईल अशी.
हुबळीला कुणी काही बोललं नाही, इथंही नाही.
पाऊण तास.
ठेवताना फुफू म्हणाली,
आता बघ, नीट झाला तुमचा फोन.

घोडी मात्र जास्तच घासली गेली.
धारवाडच्या तानपुऱ्याला दुसरी करावी लागली.
अब्बांनी वहीत तिचे पैसे
फोनच्या बिलात मांडले.