ताई, म्यूट काढा

गुरुवार, दुपारी अडीच.
रत्नागिरीतल्या या खोलीत माझं काम एवढंच :
लिंक पाठवणं, हजेरी घेणं,
आणि "ताई, म्यूट काढा" म्हणणं.
आई अजून विचारते, तू डॉक्टर नाहीस,
नर्स नाहीस, मग पगार कसला देतात?

आज पुण्याहून डॉक्टर खांबेटे, विषय फुरसं.
सतरा चौकटी. एकीत नुसता पंखा फिरतोय.
एकीत वेळासची सुगंधा,
रेंजसाठी सड्यावर, कातळावर उकिडवी,
सरांपेक्षा वाराच जास्त बोलतोय तिच्या फोनमधून.

"काही प्रश्न?"
कुणाला नाहीत. कधीच नसतात.

मग बुरोंडीची नफिसा, तुटत तुटत :
"प्रश्न नाही सर. परवा एक आलावता,
कलमांच्या बागेतला राखणदार, नेपाळी.
पाय सुजलेला. नळीत रक्त घेतलं."
"काचेची ना?"
"काचेचीच. शेवटची होती.
वीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसले.
तो बायकोचं नाव घेत होता, मला कळत नव्हतं.
नळी कलती केली.
पाण्यासारखं वाहिलं, सर.
तसाच गाडीत घातला, दापोलीला, आणि मग"

चौकट थिजली. तोंड अर्धं उघडं.

तीन वाजले, सव्वातीन झाले.
वेळ संपली की भराभर विझणाऱ्या चौकट्या
आज एकही हलली नाही.
पंखासुद्धा.

पावणेचारला ग्रुपवर तिचा मेसेज :
वाचला. नळ्या पाठवा.

नळ्या माझ्या कामात येत नाहीत.
भांडाराचा नंबर शोधतेय.